कंपवात आणि पुनर्वसनोपचार : एका चिठ्ठीचा इतिहास

आज ज्या गोष्टीचा इतिहास मी आपणांस सांगणार आहें, ती गोष्ट दिसावयास फारच लहान आहे. ती म्हणजे एक चिठ्ठी. डॉक्टरांनीं आपल्या रोग्याच्या हातीं द्यावयाची दोन ओळींची चिठ्ठी. "या गृहस्थांस कंपवात आहे, चालणें, तोल सांभाळणें, रोजचीं कामें करणें आणि बोलणें यांचे उपचार यांस शिकवावेत," एवढाच तिचा मजकूर. तो लिहावयास एक मिनिटही लागत नाहीं. परंतु ही चिठ्ठी लिहिण्याची रीत पडावयास वैद्यकशास्त्रास जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं. आणि आपल्याकडे तर ती अजूनही पुष्कळदां लिहिली जात नाहीं. असें कां व्हावें, हें पाहण्याचा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रारंभींच सांगून टाकतों कीं, मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि मुलांकडून अक्षर गिरवून घेण्यांत हयात घालविलेला मी एक निवृत्त शाळामास्तर आहें. या विषयाकडे मी वळलों तो माझ्या थोरल्या बंधूंच्या आजारामुळें.

दादा एका पतपेढींत हिशेबनीस होते. त्यांचें अक्षर पाहून माणसें थांबत. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या पत्रांतील अक्षर बारीक होऊं लागलें. ओळीचा पहिला शब्द ठीक असे, शेवटचा मुंगीएवढा. मीं थट्टेनें विचारलें, "दादा, शाई फार महागली काय?" दादाही हंसले. पुढें चालतांना त्यांचा उजवा हात हलेनासा झाला, चेहऱ्यावरील भाव मावळले. पस्तीस वर्षें मुलांच्या अक्षरांतील दोष हुडकणाऱ्या मला सख्ख्या भावाच्या अक्षरांत शिरलेला रोग ओळखतां आला नाहीं. दीड वर्षानें एका डॉक्टरांनीं त्याचें नांव सांगितलें : कंपवात, म्हणजे इंग्रजी वैद्यकांतील पार्किन्सनचा आजार. गोळ्या सुरू झाल्या व गुणही आला. त्यानंतर चार वर्षें आम्ही दर तीन महिन्यांनीं त्या दवाखान्यांत जात होतों. गोळ्यांची संख्या वाढत गेली. पण चालण्याविषयीं, तोलाविषयीं, आवाजाविषयीं तेथें कोणीं चकार शब्द काढला नाहीं, आणि आम्हींही विचारला नाहीं. चवथ्या वर्षीं दादा न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशीं थबकले, पाय जमिनीस खिळल्यासारखे झाले, आणि ते कोसळून त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रियेनंतर त्यांस उभें करावयास फिजिओथेरपी शिकलेली एक तरुण मुलगी येत असे. तिनें सहज विचारलें, "काका, चार वर्षांत यांना आमच्यापैकीं कोणाकडेच पाठविलें नव्हतें का?" त्या प्रश्नाचें उत्तर शोधावयास मी ग्रंथालयांत जाऊन बसलों. जें सांपडलें तें आपल्यापुढें ठेवतों.

या रोगाचें पहिलें नीटस वर्णन लंडनच्या हॉक्स्टन भागांत राहणाऱ्या जेम्स पार्किन्सन या वैद्यानें केलें. त्याचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा. गोरगरिबांचे रोग पाहावे, सरकारवर टीका करणारीं पत्रकें टोपणनांवानें लिहावीं, आणि उरल्या वेळांत जीवाश्म जमवून त्यांवर ग्रंथ रचावे, असा हा हरहुन्नरी पुरुष. १८१७ सालीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, त्यानें सहासष्ट पृष्ठांचा एक निबंध छापला. त्यांत अवघ्या सहा रोग्यांची हकीकत आहे. आणि त्यांतील कांहीं तर त्यास रस्त्यांतच भेटलेले. पांचवा रोगी त्यानें केवळ लांबून पाहिला. ही पांचवी हकीकत मी पुन्हां पुन्हां वाचली. त्या गृहस्थास पाऊल टाकतां येत नसे. निघालाच तर धांवत सुटे. म्हणून त्याचा सेवक समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी व त्यास हलकेच मागें-पुढें झुलवी. तोल साधतांच तो गृहस्थ इशारा देई आणि धांवूं लागे. सेवक झटकन् बाजूस होऊन बरोबर धांवे, आणि वीसेक पावलांनंतर तो पडूं लागतांच त्यास सांवरी.

श्रोतेहो, पाय खिळलेल्या रोग्यास ओढूं नये, त्याचा भार आधीं एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलवावा आणि मग इशाऱ्यानें पाऊल टाकवावें, असें आजचे फिजिओथेरपिस्ट शिकवितात. तें त्या अनाम सेवकास १८१७ च्या आधींच अनुभवानें कळलें होतें. पार्किन्सननें तें पाहिलें, प्रामाणिकपणें लिहूनही ठेविलें. परंतु त्यास तो उपचार वाटला नाहीं. त्यानें सुचविलेले उपचार त्या काळास साजेसे, म्हणजे मानेपाशीं रक्त काढणें व फोड उठविणें. रोगाचें मूळ सांपडेपर्यंत खरा उपाय हातीं येणार नाहीं, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची नव्हती; पण मूळ सांपडेपर्यंत रोग्यानें चालावें कसें, हा प्रश्न सेवकाकडेच राहिला.

पुढें अर्धशतकानें पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांत शार्को या विख्यात मज्जाविकारतज्ज्ञानें या रोगास पार्किन्सनचें नांव दिलें. यांत खरा पक्षाघात नाहीं आणि प्रत्येक रोगी कांपतोच असेंही नाहीं, म्हणून कंपयुक्त पक्षाघात हें जुनें नांव त्यास पसंत नव्हतें. घोडागाडीच्या वा आगगाडीच्या लांब प्रवासानंतर आपणांस बरें वाटतें, असें त्याचे रोगी सांगत. शार्कोनें तें हंसण्यावारी नेलें नाहीं. त्यानें थरथरणारी एक खुर्ची करविली व १८९२ सालीं त्या उपचारावर व्याख्यान दिलें. दुसऱ्याच वर्षीं तो वारला आणि खुर्ची अडगळींत पडली. २०१२ सालीं शिकागोच्या संशोधकांनीं तशा खुर्चीची परीक्षा केल्याचें प्रसिद्ध झालें. थरथरणाऱ्या खुर्चींत बसलेल्यांस बरें वाटलें, परंतु न थरथरणाऱ्या खुर्चींत बसलेल्यांसही तितकेंच बरें वाटलें! रोग्याचें ऐकावें, पण ऐकलेलें कसोटीस लावल्यावांचून स्वीकारूं नये, हा दुहेरी धडा त्यांत आहे.

मग व्यायाम आणि मर्दन यांचें शास्त्र तेव्हां नव्हतें काय? होतें, परंतु तें दुसऱ्याच घरांत वाढत होतें. स्वीडनमध्यें लिंग नांवाच्या गृहस्थानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामविद्येची राजमान्य संस्था स्थापिली. लंडनमध्यें १८९४ सालीं चार परिचारिकांनीं मर्दनविद्येस प्रतिष्ठा मिळावी म्हणून एक मंडळ काढलें; त्यांतूनच तेथील फिजिओथेरपीचा धंदा उभा राहिला. व्यवसायोपचाराची, म्हणजे रोजचीं कामें पुन्हां शिकवून माणसास स्वावलंबी करण्याच्या विद्येची, पहिली संघटना अमेरिकेंत १९१७ सालीं झाली. दोन महायुद्धांत जायबंदी झालेल्या लाखों शिपायांमुळें या विद्यांस मोठी चालना मिळाली. पण त्यांचा रोंख कोणावर होता, हें ध्यानांत घ्यावें. जो बरा होऊन कामास लागेल त्याच्यावर! हात तुटलेला शिपाई, पोलिओ झालेलें मूल, यांस पुन्हां उभें करण्यांत यश दिसे. ज्याचा आजार वर्षागणिक वाढतच जाणार, त्या म्हाताऱ्या कंपवाताच्या रोग्यावर श्रम कशाला खर्चावे, असा एक न बोललेला हिशेब त्यामागें होता. मला वाटतें, चिठ्ठी न लिहिली जाण्याचें पहिलें कारण हा हिशेब होय.

दुसरें कारण मोठें चमत्कारिक आहे. तें म्हणजे औषधाचें यश. १९१९ सालीं त्रेत्याकोफ यानें दाखवून दिलें कीं, या रोगांत मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका काळसर भागांतील पेशी नष्ट होतात. १९५७ सालीं कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञानें मेंदूंतील डोपामीन या द्रव्याचें महत्त्व ओळखलें. १९६० सालीं व्हिएन्नांत हॉर्निकिएविच व त्याचा सहकारी यांनीं रोग्यांच्या मेंदूंत तें द्रव्य फार घटलेलें असतें हें सिद्ध केलें. आणि १९६७ सालीं कॉटझियास यानें लेव्होडोपा मोठ्या मात्रेनें देऊन खिळलेल्या माणसांस चालतें केलें. या कथेंत आपल्या देशाचाही एक धागा आहे. आपल्या रानांत वेलीवर लोंबणारी, हात लागतांच अंगाची आग करणारी खाजकुइली आपण जाणतां. तिच्या बियांत हेंच लेव्होडोपा असतें, हें दामोदरन् व रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीं १९३७ सालींच दाखवून दिलें होतें. म्हणून कोणी त्या बिया आपल्या मनानें खाऊं लागूं नये, हेंही येथेंच सांगणें अवश्य आहे.

लेव्होडोपाचा तो चमत्कार खराच होता, आणि आजही या रोगांत त्याच्याइतकें गुणकारी औषध दुसरें नाहीं. परंतु चमत्काराच्या प्रकाशांत डोळे दिपतात. गोळीनें रोगी उठून चालूं लागल्यावर चालणें शिकविणाऱ्याची गरज कोणास भासणार? कालांतरानें मात्र दिसून आलें कीं, ताठरपणा व मंदपणा यांवर गोळी जितकी चालते, तितकी ती तोल जाणें, पाय खिळणें, आवाज बसणें व गिळतांना ठसका लागणें यांवर चालत नाहीं. रोग्यास अंथरुणास खिळवितात तीं संकटें बहुधा हींच.

या संकटांवर वाट दाखविणारें निरीक्षण त्याच १९६७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पर्डन मार्टिन या इंग्रज डॉक्टरानें पाहिलें कीं, ज्यास सपाट जमिनीवर पाऊल उचलतां येत नाहीं, तो जमिनीवर आडव्या रेघा आंखल्या असतां त्या ओलांडून सरळ चालत जातो. पायऱ्या चढतां येतात, सपाटीवर अडतें, असा हा विलक्षण रोग! जी हालचाल आपोआप व्हावयाची ती बिघडते. पण डोळ्यांनीं वा कानांनीं बाहेरून खूण मिळाली तर मेंदू जणुं दुसऱ्या वाटेनें काम करून घेतो. १९९६ सालीं थाउट व त्याच्या सहकाऱ्यांनीं तालावर चालण्याचा सराव देऊन रोग्यांची चाल सुधारते हें मोजून दाखविलें. आवाजाचेंही तसेंच. अमेरिकेंत ली सिल्व्हरमन नांवाच्या एक बाई होत्या. त्यांचें बोलणें घरच्यांस ऐकूं येईना. त्यांच्या नांवानें लोरेन रेमिग यांनीं १९८७ च्या सुमारास एक पद्धति बसविली. एक महिनाभर, आठवड्यांतून चार दिवस, फक्त एकच गोष्ट शिकवावयाची : मोठ्यानें बोला! इंग्लंडांत ३८८ रोग्यांवर घेतलेल्या परीक्षेचा निकाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ही पद्धति तेथील नेहमींच्या वाचोपचारापेक्षां सरस ठरली.

विद्या सिद्ध झाली. पण रोगी तिच्यापर्यंत पोंचणार कसा? हा प्रश्न हॉलंडांतील निमेगन येथील ब्लूम व मुनेके यांनीं हातीं घेतला. त्यांस असें आढळलें कीं, रोग्यांस पाठविलें जातें तें कोठेंही. आणि ज्याच्याकडे पाठवितात त्यानें वर्षभरांत कंपवाताचे अगदीं थोडे रोगी पाहिलेले असतात. २००४ सालीं त्यांनीं पार्किन्सननेट नांवाचें जाळें उभारलें. प्रत्येक भागांत मोजकेच उपचारक निवडावे, त्यांस या रोगाचें खास शिक्षण द्यावें, आणि डॉक्टरांनीं त्यांच्याकडेच चिठ्ठी द्यावी, अशी ती साधी योजना. पहिल्या मोठ्या परीक्षेंत, २०१० सालीं, रोग्यांच्या प्रकृतींत विशेष फरक दिसला नाहीं, मात्र खर्च कमी झाला. पुढें ४,३८१ रोग्यांच्या विमानोंदी तपासल्या, तेव्हां शिक्षित उपचारकांकडे जाणाऱ्यांत हाड मोडणें, फुफ्फुसदाह होणें यांसारखे प्रसंग सुमारें १७ टक्क्यांवर, तर इतरांत सुमारें २१ टक्क्यांवर आले, असें दिसलें. आंकडा लहान वाटेल; पण ज्याच्या घरीं खुब्याचें हाड मोडलें आहे त्यास तो लहान वाटणार नाहीं.

येथें प्रतिकूल पुरावाही सांगितला पाहिजे. न सांगणें हें मास्तराच्या धर्मास सोडून होईल. इंग्लंडांत ७६२ रोग्यांस फिजिओथेरपी व व्यवसायोपचार देऊन पाहिले. २०१६ सालीं निकाल आला कीं, सौम्य व मध्यम अवस्थेंतील या रोग्यांस त्यांचा लाभ झाला नाहीं. मग सर्व व्यर्थच काय? तपशील पाहिला असतां कळतें कीं, रोग्याच्या वांट्यास सरासरीनें आठ आठवड्यांत चारच बैठकी आल्या होत्या. चार तासिकांत अक्षर वळत नाहीं, हें मी अनुभवानें सांगतों. याच्या उलट, हॉलंडांत १९१ रोग्यांपैकीं निवडलेल्यांस घरीं जाऊन दहा आठवडे व्यवसायोपचार दिले, तेव्हां ज्या कामांची त्यांस स्वतःस अडचण वाटत होती तीं त्यांस अधिक चांगलीं साधूं लागलीं. हा निकाल २०१४ चा. तात्पर्य, नुसती चिठ्ठी पुरत नाहीं. ती जाणत्याच्या नांवें, वेळेवर आणि पुरेशा सरावाची हवी. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनें २०१७ च्या मार्गदर्शिकेंत हेंच सुचविलें आहे : आरंभीच्या अवस्थेंतच रोग्यास कंपवाताचा अनुभव असलेल्या उपचारकाकडे पाठविण्याचा विचार करावा, चाल वा तोल बिघडला असल्यास खास उपचार द्यावेच.

आतां आपल्याकडे पाहूं. या विद्यांचा पाया आपल्याकडे लवकर घातला गेला, याचा अभिमान वाटतो. अमेरिकेंत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या निंबकरांच्या घरांत सून म्हणून येऊन कमलाताई निंबकर झाल्या, आणि त्यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराची शाळा काढली. त्याच दशकाच्या आरंभीं तेथें फिजिओथेरपीचेंही शिक्षण सुरू झालें, आणि १९५५ सालीं हाजीअलीपाशीं पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. कंपवाताच्या रोग्यांसाठीं मुंबईंत २००१ सालीं एक सोसायटी स्थापन झाली. ती रोग्यांस एकत्र बसवून व्यायाम, आवाज व रोजचे व्यवहार यांचे पाठ देते. पुण्यास पार्किन्सन्स मित्रमंडळ रोग्यांस व त्यांच्या घरच्यांस धीर देत आहे. म्हणजे शाळा आहे, शिक्षक आहेत. विद्यार्थ्यास त्या दारीं पोंचविणारी चिठ्ठी तेवढी मधल्यामध्यें अडते. डॉक्टरांपुढें रोग्यांची रांग मोठी, तालुक्याच्या गांवीं उपचारक थोडे, आणि "आतां वय झालें, व्यायाम कसला?" ही आपली घरगुती समजूत. दोष कोणा एकाचा नाहीं; आमच्या घरचाही त्यांत वांटा होताच.

हाड जुळल्यावर त्या मुलीनें दादांस सहा महिने शिकविलें. न्हाणीघरापाशीं तिनें रंगीत पट्ट्या चिकटविल्या. उंबऱ्यापाशीं थबकलां तर ओढूं नका, झुलवा, असें वहिनींस सांगितलें. दादा वारकरी. तालावर चालणें त्यांस नवें नव्हतें. दिंडींत त्यांचीं पावलें टाळावरच पडत. पाय अडले कीं वहिनी देवघरांतील टाळ वाजवीत, आणि दादा पाऊल उचलीत. प्रत्येक वेळीं साधेच असें नाहीं. रोगही थांबला नाहीं. दादा पांच वर्षें जगले व दोन वर्षांपूर्वीं वारले. परंतु त्या पांच वर्षांत ते पुन्हां पडून मोडले नाहींत. हा एकाच माणसाचा अनुभव. त्यावरून सिद्धान्त बांधूं नये. मात्र आधींचीं चार वर्षें वाया गेलीं, ही खंत माझ्या मनांतून जात नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या घरीं वा शेजारीं कोणास हा आजार असेल तर गोळ्या नियमित घ्या, त्या आपल्या मनानें कमीजास्त करूं नका, आणि पुढच्या भेटींत डॉक्टरांस नम्रपणें विचारा, "साहेब, चालण्यासाठीं, रोजच्या कामांसाठीं, बोलण्या-गिळण्यासाठीं आम्हीं कोणाकडे जावें? चिठ्ठी द्याल काय?" पहिल्यांदा पडण्याची वाट पाहूं नका. दोनशें वर्षांपूर्वीं लंडनच्या रस्त्यावर एक सेवक आपल्या धन्याच्या खांद्यांवर हात ठेवून उभा होता. त्याचें नांव इतिहासांत नाहीं. पण त्याचें काम आज शास्त्र झालें आहे, आणि तें मागून घेण्याचा हक्क प्रत्येक रोग्यास आहे.